काहीच घडलं नाही, याचा सत्कार कोण करणार?

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तीन तारखा येतात आणि दिवाळीच्या गडबडीत गुपचूप निघून जातात. ७ नोव्हेंबर ही मेरी क्युरी यांची जन्मतारीख. जगभरात तो वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात. १८९५ साली ८ नोव्हेंबरला रॉन्टगेननं क्ष-किरण शोधले, म्हणून तो एक्सरे काढणाऱ्या तंत्रज्ञांचा दिवस. आणि १५ नोव्हेंबर १९८३ रोजी आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, स्थापन झालं. दवाखान्यातल्या एक्सरे मशीनपासून अणुभट्टीपर्यंत किरणोत्साराशी संबंधित सगळ्या गोष्टींवर नजर ठेवणारी ही संस्था.

आपल्या नाशकात सत्कारांना काही तोटा नाही. कालिदास कलामंदिरात आठवड्याला एक तरी पुरस्कार सोहळा असतोच. मुंबई नाक्यापासून सीबीएसपर्यंत जा, समाजभूषण, उद्योगरत्न, आदर्श अमुक आणि गौरव तमुक यांचे फ्लेक्स मोजता मोजता सिग्नल सुटतो. त्यात गैर काही नाही, चांगल्या माणसाला शाबासकी मिळालीच पाहिजे. पण 'आमच्या रुग्णालयाचे विकिरण सुरक्षा अधिकारी श्री. अमुक, बारा वर्षांत एकाही रुग्णाला, एकाही कर्मचाऱ्याला इजा होऊ दिली नाही, हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स मी आजवर पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर फोटो टाका.

कारण सरळ आहे. या माणसांनी काम चोख केलं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही.

माझ्या डोक्यात हा विषय आला तो गेल्या वर्षी. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, कर्करोगासाठी रेडिएशन घ्यावं लागलं. आमच्याकडची जुनी माणसं त्याला 'लाइट घेणं' म्हणतात. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. आमचा नंबर पहिला, म्हणून आम्ही सकाळी साडेसातलाच बाकावर हजर. त्या वेळी विभागात आमच्याही आधी एक मुलगी आलेली असायची. मशीनखालच्या टेबलावर प्लास्टिकच्या जाड पाट्या एकावर एक रचायची, त्यात पेन्सिलीएवढा एक मापक सरकवायची, बाहेर येऊन मशीन चालवायची, आकडे वहीत लिहायची. मग पुन्हा आत. अर्धा-पाऊण तास हेच.

एका सकाळी साडेनऊ वाजले तरी कुणालाच आत घेईनात. बाहेर पंधरा-वीस जण. कुणी सिन्नरहून पहिल्या बसनं आलेलं, कुणी कळवणहून उपाशीपोटी. कुरकुर सुरू झाली. एक गृहस्थ त्या मुलीवर चढ्या आवाजात बोलले, "अहो, मशीन तर चालू आहे, दिवे लागलेत, मग आम्हाला ताटकळत का ठेवलंय?" ती शांतपणे म्हणाली, "काका, मशीन चालू आहे म्हणजे ते बरोबर चालू आहे असं नाही. मी आकडे जुळल्याशिवाय कुणाला झोपवणार नाही."

मी नंतर तिला गाठून विचारलं. तेव्हा कळलं की ती मेडिकल फिजिसिस्ट, आणि तिथली विकिरण सुरक्षा अधिकारीही तीच. मशीन जितका डोस देतंय असं पडद्यावर दिसतं, तितकाच तो प्रत्यक्षात बाहेर पडतोय का, हे रोज सकाळी मोजायचं. दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे फरक दिसला की थांबायचं. कमी पडला तर गाठ शिल्लक राहते, जास्त झाला तर शेजारचा चांगला भाग भाजतो. आणि दोन्हींचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी दिसतो. रुग्णाला कळायला मार्ग नाही, नातेवाइकांना नाही, कित्येकदा डॉक्टरांनाही लगेच नाही. मधे उभी आहे ती फक्त ही मुलगी आणि तिची वही.

उपचार संपले की लोक पेढे वाटतात. डॉक्टरांना, सिस्टरना, मशीनवरच्या तंत्रज्ञांना, मावशींना. त्या मुलीपर्यंत पेढ्यांचा बॉक्स पोचलेला मी पाच आठवड्यांत पाहिला नाही. ती काय करते हेच कुणाला माहीत नव्हतं. ताईनं मात्र शेवटच्या दिवशी तिला शोधून काढलं, हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "बाई गं, त्या दिवशी तू थांबवलंस, बरं केलंस." त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं, तिच्या नोकरीतला तो पहिला सत्कार असावा.

आता हे क्षेत्र किती जुनं आहे आणि ते कशातून उभं राहिलं, तेही थोडं सांगतो.

क्ष-किरण सापडले तेव्हा ते घातक आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टर स्वतःचा हात मशीनसमोर धरून ते नीट चालतंय का बघायचे. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली याच प्रयोगांत भाजत गेला, त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो कर्करोगानं गेला. जर्मनीत हॅम्बुर्गला एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली उभारलेला दगडी स्तंभ आहे. क्ष-किरण आणि रेडियमवर काम करताना प्राण गमावलेल्या दीडशेहून अधिक डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि संशोधकांची नावं त्यावर कोरली आहेत. मेलेल्यांचं स्मारक झालं, ते योग्यच. पण त्यानंतर नियम झाले, भिंतींना शिसं लागलं, मापकं आली, आणि त्यामुळे जे मेले नाहीत त्यांची यादी कुठेच कोरलेली नाही. ती करताच येणार नाही.

आपल्याकडेही परंपरा आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथं सुरुवातीच्या काळात डॉ. रामय्या नायडूंनी भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम केलं. ते मेरी क्युरींकडे शिकून आलेले. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. ए. के. गांगुली यांनी आरोग्य भौतिकीचा विभाग उभा केला. देशातल्या विकिरण संरक्षणाचा पाया त्यांनी घातला असं या क्षेत्रातले लोक मानतात. एईआरबीचं अध्यक्षपद १९९० ते ९३ या काळात एस. डी. सोमण यांच्याकडे होतं आणि २००० ते २००५ मध्ये मुंबई आयआयटीचे माजी संचालक सुहास सुखात्मे यांच्याकडे. दोन्ही मराठी नावं. अणुशास्त्र म्हटलं की आपल्याला होमी भाभा आठवतात, अनिल काकोडकर आठवतात. सोमण किती जणांना आठवतात? बॉम्बची चाचणी केलेला माणूस घराघरात पोचतो. 'एवढ्याच्या पुढे डोस जाऊ द्यायचा नाही' असं सांगणारा फायलीतच राहतो.

या व्यावसायिकांच्या स्वतःच्या संघटना आहेत, त्यांच्या परिषदा होतात, ते एकमेकांना पुरस्कारही देतात. चांगलंच आहे. पण तो घरातल्या घरात झालेला सत्कार. ज्यांच्यासाठी हे काम चालतं, त्या आपल्यापर्यंत त्यातलं काहीच येत नाही.

कुणी म्हणेल, हे मुंबईचं झालं, नाशिकचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या कांद्याशी आहे.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प २००२ साली सुरू झाला. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांनी कांद्याला मोड येणं थांबवायचं, हा हेतू. २००७ साली अमेरिकेनं अठरा वर्षांनी भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हा कोकणातला हापूस आधी लासलगावला आला, तिथं त्यावर किरण सोडले आणि मग तो विमानात बसला. त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी तेव्हा एकच प्रश्न होता, 'अणुबॉम्बचा कांदा खायचा का?' तर मंडळी, छातीचा एक्सरे काढल्यावर आपण जसे किरणोत्सारी होत नाही, तसाच तो कांदाही होत नाही. किरण आरपार जातात, मागे काही राहत नाही.

पण ते कोबाल्ट स्वतः साधंसुधं नाही. ते उघडं असताना त्या खोलीत माणूस शिरला तर काही मिनिटांत प्राणघातक डोस घेऊन बाहेर येईल, आणि त्या क्षणी त्याला काही जाणवणारही नाही. म्हणून अशा संयंत्रांच्या भिंती दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या असतात, काम नसताना कोबाल्ट सहसा खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात, दार उघडलं की ते आपोआप खाली जावं अशी कुलूपबंद साखळी असते. आत जायची किल्ली मोजमापाच्या मीटरला बांधून ठेवायची पद्धतही याचसाठी. किल्ली घेतली की मीटर हातात आलाच पाहिजे.

हे सगळं ढिलं पडलं तर काय होतं? एल साल्वाडोरमध्ये १९८९ साली अशाच एका संयंत्रात कोबाल्टची चौकट वरच अडकली. सुरक्षेच्या यंत्रणा वर्षानुवर्षं निकामी होत गेलेल्या. कामगार अडकलेली चौकट सोडवायला आत गेला, मग मदतीला आणखी दोघांना घेऊन गेला. दोघांचे पाय कापावे लागले आणि त्यातला एक पुढे दगावला. आपल्या लासलगावचं नाव गेली वीसेक वर्षं बातम्यांत येतं ते फक्त कांद्याच्या भावासाठी. असं का, याचं उत्तर पाळी बदलताना वहीत सही करणाऱ्या माणसांपाशी आहे.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, आणि ते मला जास्त अस्वस्थ करतं. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात आलं. कित्येक वर्षं वापरात नव्हतं. आत कोबाल्ट-६० होतं, विकणाऱ्यांना विसर पडलेला, घेणाऱ्यांना माहीतच नाही. भंगारवाल्यांनी ते कापलं. एका कामगाराचा जीव गेला, बाकीच्यांना महिनोन्‌महिने उपचार घ्यावे लागले. यंत्र कुठं आहे, आत काय आहे, शेवटी ते कुणाकडे परत जाणार, ही एक ओळ कुणीतरी रजिस्टरमध्ये चालू ठेवली असती तर तो माणूस वाचला असता.

आता आपल्याकडे बघा. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. त्याच्याबद्दल आपण वाचतो ते अतिक्रमणाचं आणि आगींचं. औद्योगिक शहर आहे, रुग्णालयं वाढताहेत. बॉयलरच्या नळ्यांचे, पाइपलाइनचे वेल्डिंगचे जोड तपासायला इरिडियम-१९२ चे कॅमेरे वापरतात, तेही बहुधा रात्री, आजूबाजूला माणसं कमी असताना. पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांना ते पंख्याचं वाटतं. हा आपलाच दोष नाही. जगभर लोकांना ते कळत नाही म्हणून २००७ साली कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारं लाल चिन्ह मुद्दाम तयार करावं लागलं. भंगारात काम करणाऱ्या पोरांना ही दोन चिन्हं दाखवून 'हे दिसलं की हात लावू नकोस, लांब हो, फोन कर' एवढं शिकवणारा माणूस माझ्या मते उद्योगरत्नापेक्षा कमी नाही.

आता माझ्या एका मित्राची गोष्ट. हा एक्सरे तंत्रज्ञ. एका खाजगी ठिकाणी होता, नाव लिहीत नाही.

या लोकांच्या छातीवर एक बिल्ला असतो, टीएलडी म्हणतात. साधी प्लास्टिकची डबी, आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या. किरण पडले की चकती ती ऊर्जा धरून ठेवते. दर तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो, तिथं चकती तापवली की ती उजेड सोडते, आणि त्या उजेडावरून कळतं की या माणसाच्या अंगावर किती किरण पडले. आपल्याकडे काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी १. तर त्या ठिकाणी बिल्ले यायचे आणि ड्रॉवरमध्ये पडून राहायचे. 'हरवला तर भुर्दंड, आणि आकडा जास्त आला तर कटकट' असं कारण. याने बिल्ला मागून घेतला. शिशाच्या ॲप्रनची घडी घालू नका, आत चिरा पडतात, ते टांगून ठेवा, हे सगळ्यांना सांगितलं. वॉर्डात पोर्टेबल मशीन नेलं की आधी ओरडायचा, "दोन मीटर मागे सरका!" अंतर दुप्पट केलं की किरण पाव होतात, हे त्याचं पाठ वाक्य.

एक दिवस एक्सरे खोलीचं शिशाचं दार बिजागरीतून निसटलं. नीट लागेना. बाहेर बाकावर बायाबापड्या बसलेल्या, त्यातली एक पोटुशी. याने मशीन बंद केलं आणि सांगितलं, दार दुरुस्त होईपर्यंत एकही फिल्म काढणार नाही. चार तास ओपीडी खोळंबली. मालकांनी वर बोलावून खरडपट्टी काढली. संध्याकाळी सुतार आला, दार नीट झालं. पुढच्या महिन्यात याचं कंत्राट वाढवलं नाही. कारण काय तर 'वागणूक सहकार्याची नाही'.

तो आज दुसरीकडे आहे, पगार दोन हजारांनी कमी. दार मात्र अजून नीट लागतं. त्या बाकावर बसणाऱ्या एकीलाही त्याचं नाव माहीत नाही.

म्हणून मला वाटतं, या क्षेत्रातलं कर्तृत्व मोजायचं तर आपली नेहमीची फूटपट्टी चालणार नाही. किती रुग्ण तपासले, किती वर्षं सेवा झाली, किती मशीन आणली, हे सगळं ठीक. पण खरा प्रश्न वेगळा आहे: ज्या दिवशी थांबायला हवं होतं, त्या दिवशी तुम्ही थांबलात का? आणि थांबलात तेव्हा तुमच्या मागे कोण उभं राहिलं?

हे फक्त किरणांपुरतं नाही. २००३ च्या सिंहस्थात आपल्या गावात चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. तो आकडा अजून आपल्या तोंडात आहे. २०१५ चा सिंहस्थ तसं काही न होता पार पडला. तेव्हा रस्ते कुणी आखले, गर्दी कुठं थोपवायची हे कुणी ठरवलं, त्यातली किती नावं आपल्याला आठवतात? आता पुढचा सिंहस्थ दारात आहे. पुन्हा तीच परीक्षा.

तर नुसतं हळहळून काय उपयोग. तीन गोष्टी सुचतात, त्या मांडतो.

पहिली. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नाशकात आहे, १९९८ पासून. राज्यभरातली आरोग्य शिक्षणाची महाविद्यालयं त्याला जोडलेली. या विद्यापीठानं दरवर्षी नोव्हेंबरच्या या आठवड्यात विकिरण सुरक्षेसाठी एक सन्मान द्यावा. डॉक्टरांना नको, त्यांना भरपूर आहेत. एक तंत्रज्ञ, एक फिजिसिस्ट, एक औद्योगिक क्षेत्रातला सुरक्षा अधिकारी. आणि निवडीचा निकष हाच ठेवावा: काम थांबवण्याचा योग्य निर्णय. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा गोदावरी गौरव विज्ञानापासून साहसापर्यंतच्या क्षेत्रांतल्या माणसांना दिला जातो. पुरात उडी मारणारा साहसी आहेच. चार तास ओपीडी बंद ठेवणाऱ्या कंत्राटी माणसाचं साहसही त्यात कुठंतरी बसावं.

दुसरी. शाल-श्रीफळाआधी हक्काचं द्या. २००४ च्या विकिरण संरक्षण नियमांनी सुरक्षा अधिकारी नेमणं, बिल्ले देणं, डोसची नोंद ठेवणं ही मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. त्यात मेहरबानी कसली? रिकाम्या जागा भरा. तंत्रज्ञाला सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवलं, तर तो कुठल्या जोरावर 'नाही' म्हणेल?

तिसरी आपल्या हातातली. पुढच्या वेळी एक्सरे किंवा सीटी स्कॅनला जाल तेव्हा चार गोष्टी बघा. दार नीट लागलं का. दारावर लाल दिवा आणि सूचना आहे का. तंत्रज्ञाच्या छातीवर बिल्ला आहे का. आणि भिंतीवर एईआरबीचा परवाना लावलाय का. बाई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. बिल्ला नसेल तर तंत्रज्ञावर डाफरू नका, काउंटरवर जाऊन विचारा. रुग्णानं विचारलं की मालक ऐकतो, नोकरानं विचारलं की त्याचं कंत्राट संपतं.

आणि हो, कधी तुम्हाला बाहेर ताटकळत ठेवलं आणि आतून कुणी म्हणालं की 'तपासणी चालू आहे, अजून अर्धा तास', तर घड्याळाकडे बघून आवाज चढवू नका. जमलं तर आत गेल्यावर एवढंच म्हणा, "बरं केलंत थांबलात."

तुमच्या ओळखीत असं काम करणारं कुणी असेल, एक्सरे खोलीत, कर्करोग रुग्णालयात, एमआयडीसीत, लासलगावला, तर त्यांना ही पोस्ट पाठवा. या तीन तारखांच्या निमित्तानं त्यांना माझा नमस्कार सांगा.